झोप का जाते? चरकाची यादी, रोमन झोपाळा आणि आमचे अडीच

पिंगळा
मंगळवार, रात्री २.५०

गेल्या ऑक्टोबरात निवृत्त झालो आणि नोव्हेंबरात झोप गेली. पडल्या पडल्या लागते, पण अडीचच्या सुमारास डोळे टक्क उघडतात ते उघडतातच. मग पंख्याची पाती मोजायची. तीन आहेत, कितीही वेळा मोजली तरी. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, गोळी मिळाली. गोळीने झोप यायची, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं व्हायचं. ती बंद केली (डॉक्टरांना विचारून, उगाच ओरडू नका) आणि ठरवलं, जागायचंच आहे तर जागरणाविषयीच वाचू. जुन्या वैद्यांनी यावर काय काय म्हटलंय ते गेले तीन महिने वाचतोय. हाताशी लागलेलं इथे ओततो.

सुरुवात चरकापासून. सूत्रस्थान, अध्याय २१, अष्टौनिन्दितीय. नावाप्रमाणे आठ निंद्य देहांचा अध्याय: अति उंच, अति ठेंगणा, अति केसाळ, बिनकेसाचा, अति काळा, अति गोरा, अति लठ्ठ, अति कृश. (आज कुणी असा धागा काढला तर दहा मिनिटांत उडेल.) पहिल्या सहांकडे चरक फारसा बघत नाही, शेवटच्या दोघांवर रमतो. आणि लठ्ठपणा-कृशपणा मुख्यतः झोप नि आहार यांतून येतात म्हणून झोपेवर येतो. म्हणजे मी निद्रा शोधत गेलो आणि ती सापडली वजनाच्या प्रकरणात.

झोप येते कशी? मन थकलं, इंद्रियंही थकली आणि आपापल्या विषयांपासून मागे फिरली की माणूस झोपतो. 'निवर्तन्ते' असा शब्द आहे. दिवेलागणीला गुरं आपसूक गोठ्याकडे वळतात ना, तसं मला ते दिसतं. माझ्याकडे एक म्हैस रोज अडीचला दावं तोडते, एवढाच फरक.

खरी मजा पुढे आहे. अति झोपणाऱ्याला जागं ठेवायचे उपाय दिलेत: जुलाब, वांती, नस्य (नाकात औषध) देऊन डोकं मोकळं करणं, भीती, काळजी, राग, धूर, व्यायाम, रक्त काढणं, उपास, न सोसणारं अंथरूण, शिवाय सत्त्वाची वाढ आणि तमावर विजय. आणि लगेच पुढच्या श्लोकात: हीच झोप जाण्याची कारणं समजावीत! एकच यादी. एकाचं औषध ते दुसऱ्याचं दुखणं. वर आणखी पाच कारणं जोडलीत: कार्य, काळ, विकार, प्रकृती आणि वायू. यातला 'काळ' म्हणजे म्हातारपण असं ११ व्या शतकातला टीकाकार चक्रपाणिदत्त सांगतो. म्हातारी माणसं स्वभावतःच जागी असतात म्हणे. हे वाचून बरंही वाटलं आणि वाईटही.

माझी झोप तमावर विजय मिळवल्यामुळे गेली असावी असं घरात सांगून पाहिलं. बायकोने विचारलं, विजबिल भरलंत का?

उपायांची यादी तर वाचूनच जांभई यावी अशी आहे. अंगाला तेल, उटणं, स्नान, मांसरस, दह्याबरोबर साळीचा भात, दूध, तूप, मद्य, मनाला रुचणारे वास आणि आवाज, अंग चेपून घेणं, डोळ्यांचं तर्पण (डोळ्यांवर तूप धरणं), कपाळाला लेप, नीट अंथरलेलं अंथरूण, सुखाची खोली आणि योग्य वेळ. २५ व्या अध्यायात 'कशात काय श्रेष्ठ' अशी आणखी एक यादी आहे. तिथे झोप आणणाऱ्या पदार्थांत पहिला नंबर म्हशीच्या दुधाचा. कोल्हापूरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आता मला जे लक्षात आलं ते. चरक म्हणतो, रात्रीचं जागरण रूक्ष असतं. कोरडं. म्हणून तेल, तूप, दूध. मग मी ग्रीकांकडे गेलो. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनच्या परंपरेत जागरणाचं कारण काय? मेंदू कोरडा आणि उष्ण होणं. तिथून हे अरबीत गेलं. इब्न सीनाच्या 'कानून'मध्ये (११ व्या शतकाची सुरुवात) निद्रानाशाला शब्द आहे 'सहर', आणि युनानी हकीम आजही कारण सांगतात 'यबूसत', म्हणजे कोरडेपणाच. उपाय काय, तर डोक्याला रोगन बादाम, रोगन कद्दू, रोगन काहू. बदामाचं, भोपळ्याच्या बियांचं आणि काहूच्या, म्हणजे आपण सॅलडमध्ये घालतो त्या लेट्यूसच्या बियांचं तेल. उज्जैनचा वैद्य असो की बगदादचा हकीम, टाळूवर तेलच थापणार. कुणी कुणाकडून घेतलं यावर भांडायचं तर खाली जागा आहे, पण मला वाटतं जागून काढलेल्या रात्रीनंतर डोळ्यांत जी चरचर होते आणि घशाला जी कोरड पडते ती सगळ्यांना सारखीच कळत असणार. त्यातूनच सुचलं असेल.

चिनी मात्र वेगळे. 'हुआंगदी नेईजिंग' या त्यांच्या आद्य ग्रंथात कोरडेपणाचा विषयच नाही, वाहतुकीचा आहे. शरीराचं राखण करणारं एक 'ची' (प्राणशक्ती म्हणा) दिवसा यांग भागातून २५ फेऱ्या मारतं आणि रात्री यिन भागातून २५. रात्री त्याला आत शिरायला वाट मिळाली नाही की माणूस जागा. उपाय म्हणून अळू-सुरणाच्या कुळातला एक कंद आणि एक भरडधान्य यांचा काढा. पण पाणी कसलं? हजार ली अंतर वाहत आलेलं. ते दहा हजार वेळा ढवळायचं, वरचं निवळ घ्यायचं, आणि बोरूच्या जळणावर उकळायचं. दुखणं नवं असेल तर प्याला पालथा घालता घालता झोप लागते असं लिहिलंय. जुनं असेल तर तीन वेळा पिऊन. मला वाटतं पाणी दहा हजार वेळा ढवळणाऱ्याला तर काढा प्यायच्या आधीच लागत असेल.

आणि आता माझा आवडता. सेल्सस, पहिल्या शतकातला रोमन. त्याने वैद्यकावर लॅटिनमध्ये लिहिलं. झोप उडालेल्या रोग्यासाठी तो खसखशीच्या बोंडांचा काढा सांगतो, खुरासानी ओव्याच्या जातीचं झाड सांगतो, उशीखाली मॅन्ड्रेकची फळं ठेवतात असंही नोंदवतो. आणि मग म्हणतो, जवळ पडणाऱ्या पाण्याच्या धारेचा आवाज उपयोगी पडतो आणि विशेष करून टांगलेल्या पलंगाचा झोका.

झोपाळा! दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये वैद्य झोपाळा लिहून देत होता. आमच्या कोकणातल्या घराचा शिसवी झोपाळा, पितळी कड्यांसकट, घर विकलं तेव्हा इथे आणून गॅलरीत टांगलाय. त्यावर गेली पाच वर्षं वाळवणं पडतात. उद्यापासून प्रयोग.

तुमच्या घरी झोपेसाठी काय करायचे? गोळ्यांची नावं नकोत, ती माहीत आहेत.

---

सईबाई
मंगळवार, सकाळी ७.१०

काशाची वाटी कशी विसरलात? आजी रात्री जेवणं आटोपली की आजोबांचे पाय मांडीवर घ्यायची. तळव्याला गाईचं तूप चोपडायचं आणि काशाची वाटी उपडी करून घासायची, टाचेकडून बोटांकडे. पहिल्यांदा वाटी अडखळते, मग सरसर चालते. पाचेक मिनिटांत तूप काळं व्हायला लागतं. आजी म्हणायची, उष्णता उतरली. दुसरा पाय होईस्तोवर आजोबा घोरत असायचे आणि आजी तो काळा पाय जुनेऱ्याने पुसून, वाटी राखेने घासून, स्वतः शेवटी पडायची. तिचे पाय कुणी घासले नाहीत, हे मला ती गेल्यावर सुचलं.

जायफळही होतं. सहाणेवर दुधात उगाळून कपाळाला, आणि चिमूटभर पोटात. बाळगुटीत पण दोन वेढे जायफळाचे असायचेच.

---

खडूस काका
मंगळवार, सकाळी ९.३२

पहिल्यांदा: 'दुपारी १ ते ४' हा विनोद या धाग्यावर कुणीही करू नये. आधीच सांगून ठेवतो.

दुसरं: काशाच्या वाटीचं काळं म्हणजे उष्णता नव्हे, धातू. मी नारळाच्या करवंटीवर तूप लावून वाटी घासून बघितली आहे, तीही काळी होते. करवंटीला पित्त झालं नव्हतं. पण पाय चेपल्यावर झोप येते हे मान्य, ते वाटीशिवायही येते.

तिसरं आणि मुख्य: ही मंडळी झोपेची कारणं माणसाच्या आत शोधतात. माझं कारण बाहेर आहे आणि ते रात्री दोन वाजता गिअर बदलतं. महामार्गाला लागून घर. पिंगळा, तुम्ही रोमन वैद्य काढलात, मी रोमन कवी काढतो. जुव्हेनल, दुसऱ्या शतकाची सुरुवात. तो लिहितो की रोममध्ये बरेच रोगी झोप न मिळाल्याने मरतात, आणि या शहरात झोपायला भरपूर पैसा लागतो. कारण काय? गाड्या. सीझरच्या काळापासून दिवसा शहरात चाकाच्या गाड्यांना बहुतांशी बंदी होती. दिवसाची गर्दी टळली, पण माल यायचा थांबतो का? सगळ्या बैलगाड्या नि खेचरं रात्री, दगडी रस्त्यावरून. आमच्याकडे अवजड वाहनांना दिवसा प्रवेश बंद केला तेव्हा हेच झालं. दोन हजार वर्षांत नियम तोच, परिणाम तोच, गाडीवानाच्या शिव्याही बहुधा त्याच.

सेल्ससने झोपाळा लिहून दिला तो ज्याला बाग आणि कारंजं होतं त्याला.

---

माठ
मंगळवार, सकाळी ११.०५

रोचक धागा. एक शंका: झोपेसाठी दहीभात म्हणणारा चरकच रात्री दही खाऊ नये म्हणतो ना? मग खायचा कधी?

---

वैद्य निरगुडी
मंगळवार, दुपारी १.४०

@माठ, शंका रास्त. सातव्या अध्यायात 'न नक्तं दधि भुञ्जीत' आहेच. पण २१ व्या अध्यायातली यादी म्हणजे झोपायच्या आधी तासभर काय खावं याचा तक्ता नव्हे. रूक्ष झालेल्या माणसाचा एकूण आहार स्निग्ध करा असा त्याचा रोख आहे. दहीभात दुपारी खा. संध्याकाळी दूध.

@पिंगळा, चांगलं लिहिलंय. दोन भर घालतो. सुश्रुत शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात निद्रानाशाची कारणं मोजून पाच देतो: वात, पित्त, मनस्ताप, क्षय (शरीराची झीज) आणि अभिघात, म्हणजे मार लागणं. शस्त्रवैद्य असल्याने त्याला मार लागलेले रोगी रोज दिसत असणार. चरकाच्या यादीत अभिघात नाही. यादी कोण करतोय यावर यादीत काय येतं ते ठरतं.

दुसरी भर वाग्भटाची. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, झोप कमी असलेल्यासाठी दूध-मद्य-दही, अभ्यंग, डोकं-कान-डोळे यांचं तर्पण हे सगळं येतंच. पण पुढे तो म्हणतो: प्रियेच्या बाहूंची मिठी, मनाची स्वस्थता आणि कृतकृत्यता. करायचं ते करून झालं ही भावना. औषधांच्या यादीत ती तेलाच्या शेजारी बसवली आहे. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त रोगी तेलाचं नाव लिहून घेतात आणि हा शब्द ऐकून हसतात.

शिरोधारेबद्दल (डोक्यावर तेलाची धार) कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच: डोक्याला तेलाचे चार प्रकार वाग्भट सांगतो, अभ्यंग, सेक (धार), पिचू (तेलात भिजवलेला बोळा) आणि बस्ती (डोक्यावर तेल धरून ठेवणं). आज तांब्याच्या भांड्यातून धार धरतात ती पद्धत केरळच्या परंपरेत फुलली. चांगली आहे, पण हॉटेलात सूटकेस ठेवून पाऊण तासात उरकायची गोष्ट नव्हे.

आणि खडूस काकांचा मान ठेवून वेळ न सांगता सांगतो: दिवसा आडवं पडून झोपणं उन्हाळ्याखेरीज बहुतेकांना वर्ज्य, पण बसल्या बसल्या डुलकी चरकाला चालते. 'आसीनप्रचलायितम्', ना रूक्ष ना जड. तेव्हा खुर्चीत पेंगणाऱ्यांनी अपराधी वाटून घेऊ नये.

---

टिटवी
बुधवार, रात्री ३.२०

ड्युटीवरून लिहितेय, वॉर्ड शांत आहे (म्हणू नये असं, दृष्ट लागते).

वैद्यबुवा, आम्हा रात्रपाळीवाल्यांचं काय? अठरा वर्षं नर्स आहे. महिन्यातून दहा रात्री. सकाळी सातला सुटते, खाली कॅन्टीनमध्ये उपमा-चहा, घरी येऊन साडेआठला आडवी. साडेदहाला जळजळ होऊन जाग. मग दिवसभर ना धड जागी ना धड झोपलेली. भाजीवाल्याला पैसे दोनदा देते. मुलगा म्हणतो, आई, तू 'लोडिंग'मध्ये अडकलीस.

---

वैद्य निरगुडी
बुधवार, सकाळी ६.५५

@टिटवी, तुमच्यासाठी फार जुना हिशोब आहे. सुश्रुत म्हणतो, रात्री जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ दिवसा झोपावं. वाग्भट त्यात एक अट घालतो: सकाळी, आणि न जेवता. 'प्रातः स्वप्यादभुक्तवान्'. उपमा नंतर. फारच भूक असेल तर अर्धा कप कोमट दूध घ्या. आठ तास जागलात तर चार तास, गडद पडदे लावून. अठरा वर्षांची जळजळ आहे, तेव्हा एकदा नीट तपासूनही घ्या, हे श्लोकाच्या भरवशावर सोडू नका.

---

अवलिया_७२
बुधवार, सकाळी १०.१५

तेल-तुपाचं कौतुक चाललंय ते ठीक, पण प्राचीन वैद्यकाची काळी बाजू पण येऊ द्या. झोप आणायचा पश्चिमेकडचा मुख्य रस्ता अफूतून जातो.

इजिप्तचा एबर्स पपायरस, इ.स.पू. १५५० च्या आसपासचा. त्यात पोराचं रडणं थांबवायचा उपाय आहे: 'शेपेन' झाडाची बोंडं आणि भिंतीवरची माशीची घाण एकत्र करून, गाळून, चार दिवस. लगेच गुण येतो म्हणे. शेपेन म्हणजे खसखशीचं झाड असं बरेच अभ्यासक मानतात. माशीच्या घाणीचं काम काय ते देव जाणे, गुण कशाने येत असेल ते उघड आहे. मग सेल्सस, मग त्याच शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस. तो अफू झोप आणते हे सांगतो आणि जास्त झाली तर माणूस मरतो हेही सांगतो. म्हणजे धोका माहीत होता.

गंमत अशी की चरक-सुश्रुत-वाग्भट यांच्या झोपेच्या औषधांत अफू नाही. त्यांच्याकडचं सगळ्यात कडक म्हणजे मद्य. अफू आपल्या वैद्यकात आली ती मध्ययुगात, अरबांच्या व्यापाराबरोबर. मध्ययुगीन ग्रंथकार शार्ङ्गधराच्या काळापासून ती ग्रंथांत दिसते. नावच बघा: ग्रीक ओपिऑन, अरबी अफ्यून, आणि त्याला संस्कृत कपडे चढवून 'अहिफेन', सापाचा फेस. आपली अफू त्याच घरातली. खसखस हा शब्दही तिकडचाच, खशखाश. (घाबरू नका, अनारशावरच्या बियांत गुंगी नसते. ती बोंडाच्या चिकात असते.)

आणि ही प्राचीन गोष्ट नव्हे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची गोळी देऊन कामावर जात, हे तेव्हाच्या सरकारी चौकशांत नोंदलेलं आहे. पोर दिवसभर निपचित. माझी पणजी परळच्या चाळीत राहायची. 'गुणी पोर होतं, रडायचं नाही' असं ती आपल्या एका मुलाबद्दल सांगायची. तो दोन वर्षांचाही झाला नाही. मी लहान होतो, गुणी म्हणजे गुणी असंच समजत होतो.

---

सईबाई
बुधवार, सकाळी १०.४१

शेवटचा परिच्छेद वाचून गप्प झाले.

---

रातराणी
बुधवार, रात्री ११.५८

मी वैद्यकातली नाही, संस्कृत शिकवते. झोपेवरचं सगळ्यात अचूक निदान मला महाभारतात सापडलं. उद्योगपर्वातल्या एका भागाचं नावच प्रजागर पर्व आहे, जागरणाचं पर्व. संजय पांडवांकडून परत आलाय, निरोप उद्या सभेत सांगतो म्हणून घरी गेला. इथे धृतराष्ट्राची झोप उडाली. मध्यरात्री विदुराला बोलावणं. अंगाची आग होतेय, डोळा लागत नाही, काहीतरी सांग.

विदुर काय म्हणतो? ज्याच्यावर बलवानाने चाल केली आहे असा दुबळा आणि साधनहीन माणूस, ज्याचं सर्वस्व लुटलं गेलं आहे तो, कामातुर आणि चोर, यांना जागरण पछाडतं. आणि पुढे सरळ विचारतो: महाराज, यातलं काही तुम्हाला झालेलं नाही ना? दुसऱ्याच्या धनाचा लोभ तर नाही?

आपण त्याला विदुरनीती म्हणून सुभाषितांसारखं वाचतो. वर्गात मी मुलांना सांगते की हे आधी केसपेपर म्हणून वाचा. रोगी अंध, वृद्ध, राजा. तक्रार: अनिद्रा आणि दाह. वैद्य सावत्र भाऊ. निदान पहिल्या पाच मिनिटांत झालं, रोग्यालाही ते पटलं, आणि उपचार म्हणजे राज्य परत करणं, तेवढा सोडून रोगी रात्रभर बाकी सगळं ऐकून घेतो.

---

खडूस काका
गुरुवार, सकाळी ८.०२

दंडवत. हे आवडलं. विदुराने तेल लावा म्हटलं नाही याची नोंद घ्यावी.

---

शेवगा
गुरुवार, दुपारी १२.३०

सर्पगंधा कुणीच काढली नाही? बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणत. वेड लागलेल्याला, झोप उडालेल्याला मूळ उगाळून द्यायचे. १९३१ मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेड आणि रक्तदाबावर वापरल्याचं छापलं. पण जगाचं लक्ष गेलं ते मुंबईमुळे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रक्तदाबाच्या रोग्यांवरचे अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि मग ते वेड्यांच्या इस्पितळांपासून रक्तदाबापर्यंत धो धो वापरलं. काही वर्षांत लक्षात आलं की काही रोगी त्यावर खोल उदास होतात. आज जवळजवळ मागे पडलंय.

सांगायचा मुद्दा: जुनं, झाडपाल्याचं, म्हणजे निरुपद्रवी असं समजून कुणी काष्ठौषधीच्या दुकानातून सर्पगंधा किंवा खुरासानी ओवा आणून परस्पर घेऊ नका. आमच्या नात्यात एकाने घेतली होती, आधीच्या रक्तदाबाच्या गोळीवर. बाथरूममध्ये पडला, खुबा मोडला.

त्यापेक्षा गंठोडा बरा. पिंपळमुळाची पूड गुळात कालवून चाटायची. आमच्या काकू ती दुधात घालतात. तिखट लागते, ठसका लागेल.

---

टिटवी
शुक्रवार, दुपारी १.०५

वैद्यबुवा, तीन दिवस केलं. उपमा सोडला, घरी येऊन अर्धा कप दूध, पडद्यावर जुनी चादर पिनांनी लावली. सव्वाआठ ते साडेबारा सलग. जळजळ नाही. उठल्यावर जेवले. आज भाजीवाल्याला एकदाच पैसे दिले. ऑगस्टमध्ये तपासणी करून घेते, नक्की.

---

पिंगळा
रविवार, सकाळी ९.२०

सगळ्यांचे आभार. थोडं थोडं सगळ्यांना.

@सईबाई, वाटी आणली. बायकोचे पाय घासून दिले आधी. तुमचं ते शेवटचं वाक्य वाचलं होतं.

@वैद्य निरगुडी, कृतकृत्यता या शब्दावर दोन रात्री काढल्या. छत्तीस वर्षं बँकेत रोज संध्याकाळी कॅश जुळवायची सवय. जुळली की शटर, आणि शटर पडलं की दिवस संपला. आता दिवस संपल्याचं कुणी सांगतच नाही. हे मला तुमचा प्रतिसाद वाचल्यावर कळलं. म्हणून सध्या रात्री झोपताना एका वहीत दिवसभरात काय झालं ते चार ओळी लिहितो आणि खाली रेघ मारून सही करतो. हसा.

@रातराणी, दुसऱ्याच्या धनाचा लोभ तपासून पाहिला. भावाबरोबर कोकणातल्या घराच्या पैशांवरून एक बोलणं अर्धवट राहिलंय, पाच वर्षं झाली. धन त्याचं की माझं यावरच वाद आहे. असो, गणपतीत भेटू तेव्हा बघू.

झोपाळ्याचं असं झालं. बुधवारपासून अडीचला जाग आली की गॅलरीत जाऊन बसतो. हलका झोका, पायाच्या अंगठ्याने फरशीला टेकवून. पितळी कड्या पाच वर्षांत सुकलेल्या, त्यामुळे कर्र... कर्र... असा आवाज. तरी पहिल्याच रात्री पेंग आली, साडेचारला आत येऊन आडवा झालो तो सातपर्यंत. सेल्सस जिंदाबाद. शुक्रवारी मनात आलं, इतक्या रात्री हा आवाज, खालच्या मजल्यावर काका एकटे राहतात, पंच्याऐंशी वय, त्यांची झोपमोड होत असेल. म्हणून कड्यांना शिवणयंत्राचं तेल घातलं. आवाज बंद.

आज सकाळी दूध आणायला गेलो तर काका लिफ्टपाशी. म्हणाले, "काय हो, दोन रात्री झोपाळ्यावर बसला नाहीत वाटतं?"

म्हटलं, बसतो की. का?

"नाही, तो आवाज यायचा ना. आमच्या वाड्यात होता झोपाळा. बुधवार-गुरुवार काय झोप लागली म्हणून सांगू."

आता तेल घातलेल्या कड्या परत कोरड्या कशा करायच्या हे कुणाला माहीत असेल तर सांगा.